निवडणे, पाखडणे आणि मातेरे



ह्या शाळेच्या स्मृतिव्याख्यानासाठी आपण मला बोलावलेत, ह्याबद्दल मी प्रथम आपले आभार मानतो. आभार मानताना थोडा संकोचही वाटतो. ज्यांच्या स्मृतीसाठी आपण येथे जमलो आहोत ते सर विज्ञानाचे शिक्षक होते आणि मी आयुष्यभर मराठी शिकवले. आमच्यात साम्य एवढेच की, आम्ही दोघेही महाराष्ट्रातून पोटासाठी भोपाळला आलो, येथे रुजलो आणि पंचवीसहून अधिक वर्षे एका भिंतीचे शेजारी राहिलो. मी १९७५ साली येथे आलो तेव्हा सर आधीपासूनच ह्या शाळेत होते.

विषय कोणता घ्यावा, असे संयोजकांनी विचारले तेव्हा मी क्षणभरही विचार न करता सांगितले की, सरांचा सहावीचा धडा घेईन. मिश्रणातील घन पदार्थ वेगळे कसे करावेत, हा तो धडा. वर्षामागून वर्षे तो धडा सर त्याच उत्साहाने शिकवीत. एकदा मी त्यांना थट्टेने म्हणालो, "सर, वाळूतून मीठ काढायला तुम्हांला तीस वर्षे लागली!" ते म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, मीठ निघते हो. ते का मिसळले, हे मुलांच्या लक्षात आणून द्यायला वेळ लागतो." त्या वेळी मी हसून सोडून दिले. त्या वाक्याचा अर्थ मला उशिरा कळला. तो कसा कळला, हे सांगण्यासाठीच आज उभा आहे.

प्रारंभ माझ्या अंगणातून करतो. माझे बालपण विदर्भातल्या एका खेड्यात गेले. ज्वारीची मळणी झाली की खळ्यावर उफणणी सुरू होई. वडील वावडीवर, म्हणजे तीन पायांच्या उंच तिवईवर, चढून उभे राहात. खालून मजूर टोपल्यांनी मळलेला माल वर देई आणि वडील तो वाऱ्यात हळूहळू सोडीत. दाणा सरळ पायथ्याशी पडे, भूस चार हात पलीकडे जाई, आणि ह्या दोहोंच्या मधोमध हलका, पोचट दाणा पडे. एका वाऱ्याने तीन प्रती होत. वारा पडला की काम थांबे. सगळे खळे गप्प बसून लिंबाच्या शेंड्याकडे पाहात राही. पान हलले की पुन्हा टोपले वर जाई.

पुढे सरांनी मला ह्यामागचे शास्त्र समजावले. वाऱ्याला दाण्याचे निव्वळ वजन कळत नाही. वजनाच्या मानाने वाऱ्यासमोर येणारे अंग किती, ह्यावर कोणती वस्तू किती लांब जाईल ते ठरते. त्यामुळे खडा मात्र दाण्याबरोबरच पायथ्याशी पडतो. उफणणीने भूस जाते, खडा जात नाही. त्यासाठी दुसरी रीत हवी. प्रत्येक रीत पदार्थांमधला एकच भेद ओळखते, बाकीच्यांबाबत ती आंधळी असते. चाळणीला आकार कळतो, वाऱ्याला हलकेपणा कळतो, चुंबकाला लोखंड कळते, पाण्याला विरघळणे कळते. म्हणून एका रीतीने क्वचितच काम भागते. त्या रीतींची साखळी करावी लागते.

आमच्या आया-आज्यांनी ही साखळी कोणत्याही पुस्तकाविना बांधली होती, आणि तिची साक्ष आपली भाषा देते. माझ्या पीएच. डी.च्या प्रबंधासाठी मी कृषिजीवनातील शब्द गोळा केले, तेव्हा ह्या एका कामाभोवती किती क्रियापदे जमली आहेत हे पाहून थक्क झालो. चाळणे, पाखडणे, घोळणे, निवडणे, वेचणे, उफणणे, निथळणे, गाळणे. ह्यांतले एकही दुसऱ्याच्या जागी चालत नाही. सूप एकच, पण ते वरखाली उडवले की पाखडणे होते आणि आडवे फिरवून दाणे लोळवले की घोळणे होते. पाखडल्याने फोलपट उडते. घोळल्याने जड खडा एका बाजूला उरतो. निवडणे आणि वेचणे ह्यांतही भेद आहे. आपण खडे वेचतो आणि तांदूळ निवडतो. जे थोडे असते ते वेचायचे आणि जे पुष्कळ असते ते राहू द्यायचे. कमीत कमी श्रमाचा हा हिशेब व्याकरणातच बसला आहे. आपण ज्या भोपाळात राहतो तेथे हिंदी बोलणाऱ्या गृहिणीही ह्याच कामांना बीनना, फटकना, छानना असे वेगवेगळे शब्द वापरतात.

सूप हा शब्द संस्कृत शूर्पावरून आला. चाळणीला संस्कृतात तितउ असा एक जुना शब्द आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील एकाहत्तराव्या सूक्तात, चाळणीने सातू स्वच्छ करावेत तशी जाणत्यांनी मनाने वाणी स्वच्छ केली, अशी उपमा येते. पतंजलीने व्याकरण-महाभाष्याच्या आरंभी तिचा आधार घेतला आहे. वाणीच्या शुद्धीची कल्पना करताना त्या ऋषीला उपमा सुचली ती स्वयंपाकघरातली. लोकशाहीतल्या सर्वांत मोठ्या घटनेला आपण 'निवडणूक' म्हणतो, त्यातही तांदूळ निवडण्याचेच क्रियापद आहे. ती किती काळजीपूर्वक होते, हा प्रश्न मात्र आजच्या विषयाबाहेरचा आहे.

आता सरांच्या वर्गाकडे वळू. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा शाळांत सुरू झालेल्या विज्ञानशिक्षणाच्या कार्यक्रमाविषयी आपल्यातील जुन्या शिक्षकांना माहीत असेल. मुलांनी विज्ञान पाठ करू नये, स्वतः करून पाहावे, हा त्याचा आग्रह होता. पुढे १९८२ साली स्थापन झालेल्या 'एकलव्य' संस्थेने तो सांभाळला आणि २००२ साली तो शाळांतून बंद झाला. सरांची शाळा त्या कार्यक्रमात नव्हती. पण त्याची पुस्तके सर मिळवून वाचीत आणि त्याच रीतीने शिकवीत.

ते एका बशीत चार पदार्थ मिसळून आणीत: वाळू, मीठ, नवसागर आणि लोखंडाचा कीस. मुलांना सांगत, "वेगळे करा, पण आधी क्रम लिहा." घाईची मुले थेट पाणी ओतीत. मग मीठ आणि नवसागर दोन्ही विरघळत, कीस ओला होऊन गंजू लागे आणि सारा डाव बिघडे. सर रागवत नसत. ती बशी तशीच खिडकीत ठेवीत. दुसऱ्या दिवशी गंजाचा तांबूस थर दिसला की मुलांना आपोआप उमजे. योग्य क्रम असा: प्रथम कोरड्या मिश्रणावरून कागदात गुंडाळलेले चुंबक फिरवून कीस काढायचा. मग उरलेले तापवायचे. नवसागर न वितळता थेट वाफ होऊन वर जातो आणि पालथ्या नरसाळ्याच्या थंड बाजूला पांढरा थर होऊन बसतो. नंतर पाणी घालून मीठ विरघळवायचे, गाळायचे; गाळणकागदावर वाळू उरते. शेवटी पाणी आटवून मीठ मिळवायचे. हे झाल्यावर चारही पदार्थ वाळवून तोलायचे आणि आरंभीच्या वजनाशी ताडून पाहायचे. वजन कमी भरले तर सर विचारीत, "उरलेले कुठे गेले?" काहीतरी वहीच्या पानाला चिकटलेले असे, काही बाकावर सांडलेले असे. "जे दिसत नाही, ते नाहीसे झालेले नसते," हे त्यांचे ठरलेले वाक्य होते.

त्यानंतर ते लोखंडाचा कीस आणि गंधक घेत. मिसळलेले असताना चुंबकाने कीस सहज निघे. मग तेच मिश्रण परीक्षानळीत तापवीत. आत लाल निखाऱ्यासारखी धग पसरे आणि थंड झाल्यावर काळा खडा हाती येई. त्याला चुंबक लावले तर तो ढिम्म हलत नसे. मुले चकित होत. "आता लोखंड आणि गंधक शेजारी बसलेले नाहीत, ते एकमेकांचे झाले. येथे सूप, चाळण, चुंबक कशाचेच चालत नाही," असे सर सांगत. मिसळण्याच्याही पायऱ्या असतात आणि वेगळे करण्याची एक वेळ असते, हे तेथे कळे.

ही वेळ चुकली म्हणजे काय होते, ह्याची उदाहरणे आपल्या ताटातच आहेत. विदर्भात जिला लाखोळी म्हणतात आणि आपल्या मध्यप्रदेशात तिवडा किंवा खेसरी, ती कडधान्याची जात पाण्याविना तग धरते. दुष्काळात गरिबाला तीच तारते. परंतु महिनोन् महिने तीच मुख्य अन्न झाली तर पाय लुळे पडतात. रीवा आणि सतना ह्या भागांत बांधील मजुरांना मजुरीच लाखोळीत मिळे आणि तरणीताठी माणसे काठीवर येत. १९६१ साली तिच्या विक्रीवर निर्बंध घालण्याचे धोरण आले. हिचा दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा, एका बाजूने चेपलेला असतो. अख्खा असेपर्यंत सुपात वेचता येतो. भरडून डाळ केली की तुरीच्या डाळीत ओळखायला सराईत डोळा लागतो. आणि दळून बेसन केले की जगातली कोणतीही आजी ती निवडू शकत नाही. मग प्रयोगशाळाच हवी.

मोहरीचेही तसेच. पिवळ्या धोतऱ्याचे बी मोहरीसारखेच बारीक आणि काळसर असते. मात्र मोहरी गुळगुळीत असते आणि धोतऱ्याच्या बियांचा पृष्ठभाग जाळीदार, खडबडीत असतो. भिंगाखाली दोन्ही चटकन ओळखू येतात. पण घाण्यात पडून तेल झाले की फरक मिटतो. १९९८ सालच्या पावसाळ्यात दिल्लीत असे तेल खाऊन साठांहून अधिक माणसे दगावली आणि हजारो आजारी पडली. अख्ख्या बियांत जे भिंगाने दिसले असते, ते तेलात उतरल्यावर इस्पितळात दिसले.

ह्याउलट वेळेवर केलेली कृती किती स्वस्त असते, तेही पाहा. बाजरीच्या कणसावर अरगट नावाचा बुरशीजन्य रोग पडतो. त्याच्या काळसर गाठी बियाण्यात मिसळल्या तर रोग पुढच्या हंगामात जातो, आणि खाण्यात आल्या तर उलट्या, चक्कर असे विकार होतात. महाराष्ट्रातील कृषिखाते शेतकऱ्याला उपाय सांगते तो असा: दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवावे आणि त्यात बियाणे सोडून ढवळावे. रोगट गाठी व हलके बी तरंगते. ते काढून नष्ट करावे. तळाशी बसलेले बी दोनतीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे. साध्या पाण्यात गाठीही बुडण्याचा संभव असतो. मिठाने पाणी जड केले की तेच पाणी रोगट आणि निरोगी ह्यांतला निवाडा करू लागते. भाताच्या बियाण्याला दहा लिटरला तीनशे ग्रॅम मीठ पुरते. एका बादलीत होणारे हे काम आहे.

पाण्याच्या ह्याच निवाड्याने आपल्याला आपला भूतकाळही दिला आहे. नर्मदाकाठी महेश्वरसमोर नावडातोली येथे डॉ. ह. धी. सांकलिया ह्यांनी केलेल्या उत्खननात जळालेले गव्हाचे दाणे मिळाले. अशा स्थळांवरची माती पाण्यात ढवळली की माती खाली बसते आणि कोळसा झालेले हलके दाणे वर तरंगतात. ते बारीक जाळीवर धरतात. साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा शेतकरी काय खात होता, हे असे बादलीभर पाण्यातून कळू शकते.

आता आपल्या शहरात येतो. चौकातल्या सराफ्यात पहाटे गेलात तर दुकानांपुढची धूळ आणि नाल्यातला गाळ गोळा करणारी माणसे दिसतात. हिंदीत त्यांना न्यारिया म्हणतात. न्यारा म्हणजे वेगळा, तो करणारा न्यारिया. मराठीत ह्याच धंद्याला झारेकरी असा शब्द आहे. सोनाराच्या कानशीतून उडालेला कण केराबरोबर बाहेर पडतो, आणि त्या केरावर ह्यांचा संसार चालतो. त्यांची साखळी सरांच्या बशीहूनही लांब आहे. प्रथम केर जाळतात, म्हणजे काडीकचरा आणि चिंध्या जातात. राख कुटून चाळतात. चुंबकाने लोखंडाचा कीस ओढून घेतात. मग पसरट भांड्यात पाण्याबरोबर फिरवतात. सोने पाण्याच्या एकोणीस पटींहून जड आणि वाळू अडीच पटींच्या थोडी वर, त्यामुळे वाळू वाहून जाते व सोने तळाशी राहते. अगदी सूक्ष्म कणांना पारा धरतो. पारा तापवून उडवला की धातू उरतो.

सोने आणि चांदी एकत्र वितळलेली असतील तर तेजाब, म्हणजे नायट्रिक आम्ल, वापरावे लागते. त्यात चांदी विरघळते, सोने विरघळत नाही. परंतु सोने फार असेल तर ते चांदीला वेढून बसते आणि आम्ल आत शिरत नाही. म्हणून मिश्रणात मुद्दाम आणखी चांदी घालून सोन्याचा वाटा चौथाईवर आणतात. वेगळे करण्यासाठी आधी आणखी मिसळायचे, ही युक्ती ऐकून सरही खूश झाले होते. पुढे त्या द्रावणात तांब्याचा पत्रा टाकला की चांदी पुन्हा बाहेर येते. हे सारे ज्ञान शाळेत न गेलेल्या माणसाच्या हातात आहे. आणि पाऱ्याची व तेजाबाची वाफही त्याच माणसाच्या छातीत जाते, हे विसरता कामा नये.

आपल्याच राज्यात पन्ना आहे. तेथे आठ मीटर लांब व आठ मीटर रुंद जमिनीचा तुकडा सरकारी पट्ट्याने घेऊन माणसे हिऱ्याचा शोध घेतात. खडीमिश्रित मातीला ते चाल म्हणतात. ती खणायची, खड्ड्यातल्या पाण्यात तुडवून माती काढायची, वाळवायची, चाळायची आणि मग जमिनीवर पसरून हाताने एकेक खडा पारखायचा. मोठ्या यांत्रिक खाणींतून ह्या शेवटच्या कामासाठी युक्त्या आहेत: हिऱ्याला पाणी चिकटत नाही, पण तो वंगणाला चिकटतो, क्ष-किरणांत तो चमकतो. पन्नाच्या मजुराजवळ मात्र ऊन आणि डोळा ह्यांखेरीज काही नसते. बहुतेकांना काही सापडत नाही. बालाघाट जिल्ह्यातील मलाजखंडाला तांब्याच्या दगडाचे पीठ करून, पाण्यात फेस काढून, तांब्याचे कण बुडबुड्यांवर बसवून वर आणतात. जड कण तरंगतो तो त्याला पाण्यापेक्षा हवा प्रिय वाटावी असा लेप दिलेला असतो म्हणून. खळ्यावरचा वारा तेथे पाण्यात उतरला आहे, इतकेच.

आता माझा अपराध सांगतो. ज्यांच्या नावे हे व्याख्यान आहे त्यांच्या समोर तो मी एकदाच कबूल केला होता. आज आपल्यासमोर करतो.

नक्की वर्ष सांगत नाही. ऐंशीच्या दशकाचा आरंभ असावा. आमच्या घरी कंदिलाची काच फुटली. मी ते तुकडे स्वयंपाकघरातल्या केरात टाकले, वर भाजीची देठे पडली आणि तो सारा केर कोपऱ्यावरच्या ढिगावर ओतला. दुपारी एक बाई आपल्या लहान मुलीला घेऊन तो ढीग उपसत होती. कागद, पन्नी, लोखंड वेगळे करून पोत्यात भरणे हे तिचे काम. देठांखालची काच तिच्या तळव्यात शिरली. आरडाओरड ऐकून सर धावले, त्यांनी हात बांधला, तिला दवाखान्यात नेले. मी फाटकाशी उभा होतो. जाताना ती माझ्याकडे न पाहता एवढेच म्हणाली, "बाबूजी, काँच अलग बाँध देते." तिला ती काच कोणाची हे ठाऊक नव्हते. मला ठाऊक होते, आणि मी काही बोललो नाही.

संध्याकाळी सरांकडे जाऊन मी सांगितले. त्यांनी मला दोष दिला नाही. थोड्या वेळाने म्हणाले, "प्रोफेसरसाहेब, तुम्ही तांदळातला खडा वेचणाऱ्या आईचे शब्द गोळा करता. ही बाईही तेच काम करते. फरक इतकाच की, आई निवडते तो खडा दुसऱ्या कोणी मिसळलेला असतो आणि ही निवडते तो आपण मिसळलेला असतो." मला त्या दिवशी त्यांचे जुने वाक्य आठवले: ते का मिसळले? काच वेगळी बांधायला मला अर्धे मिनिट लागले असते. ते अर्धे मिनिट मी वाचवले. त्याचे काम संपले नाही, ते तिच्या हातावर गेले. तिच्या बोटांत पूर्वीची पकड पुन्हा आली नाही, असे पुढे सरांकडून कळले.

कचऱ्याचे शास्त्र ह्याहून वेगळे नाही. २०१६च्या घनकचरा नियमांनी घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करणे बंधनकारक केले. सुका कचरा कोरडा राहिला तर त्याचे पुढचे वर्गीकरण सोपे जाते. लोखंड चुंबकाला येते. प्लास्टिकच्या चुऱ्यात पॉलिथिन आणि पॉलिप्रॉपिलिन पाण्यावर तरंगतात, तर पाण्याच्या बाटलीचे प्लास्टिक बुडते. कचरा वेचणाऱ्या बायका तर पन्नी बोटांत चुरगाळून तिच्या आवाजावरून जात ओळखतात. पण त्यात वरणभात कालवला गेला की चुंबक लडबडते, कागद लगदा होतो, पन्नीचा भाव जातो. आपले शेजारचे इंदूर २०१७पासून वर्षानुवर्षे स्वच्छतेत पहिले आले, त्याचे मूळ घराघरांत कचरा वेगळा घेण्यात आहे.

आणि न निवडलेल्याचे काय होते ते आपण भानपूरच्या खंतीवर पाहिले. शहराचा कचरा अनेक दशके तेथे पडत राहिला, डोंगर झाला, त्याला आगी लागत. पुढे तो डोंगर उपसायची वेळ आली. अशा कामात वापरतात ती यंत्रे मी पाहिली, तेव्हा मला माझे खळे आठवले. फिरते मोठे नळकांडे म्हणजे चाळण. पंख्याचा झोत म्हणजे उफणणी. पट्ट्यावर टांगलेले चुंबक. शेवटी दोन्ही बाजूंना उभी राहून हाताने वेचणारी माणसे. आजीची सारी क्रियापदे तेथे होती. आजी जे दाण्यागणिक रोज करी ते आपण चाळीस वर्षांनी, कोट्यवधी रुपये खर्चून, टनांनी केले.

ह्या शहरात मिश्रणावर बोलायचे आणि त्या कारखान्याचे नाव टाळायचे, हे शक्य नाही. १९८४च्या डिसेंबरच्या २ आणि ३ तारखांमधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीत मिथाइल आयसोसायनेटमध्ये पाणी शिरले. त्या रात्रीविषयी मी येथे अधिक बोलणार नाही. ह्या सभागृहात ती ज्यांच्या घरातून गेली आहे अशी माणसे बसली आहेत. सरांच्या परीक्षानळीतला काळा खडा मला त्यानंतर कधी निर्विकारपणे पाहता आला नाही. काही मिसळणे असे असते की, नंतर वेगळे करायला काही उरत नाही.

पण त्या कारखान्यात दुसरेही एक मिश्रण होते, घन आणि सावकाश. आवारात साठवलेला सुमारे ३३७ टन कचरा पाच प्रकारचा होता: कीटकनाशकाचे अवशेष, नॅफ्थॉलचे अवशेष, अर्धवट झालेला माल, संयंत्रातील उरलेला साका, आणि माती. त्यातला जवळजवळ अर्धा भाग केवळ माती होता. विष मातीत मिसळले म्हणून मातीही विष म्हणून मोजावी लागली. उच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२४मधील आदेशानंतर १ जानेवारी २०२५च्या रात्री बारा वाहने तो कचरा घेऊन अडीचशे किलोमीटरवरील पीथमपूरला निघाली, तेथील लोकांनी विरोध केला, आणि २०२५च्या जूनअखेरीपर्यंत तो जाळून संपला. जाळल्यावर राख आणि अवशेष मूळ कचऱ्याहून वजनाने अधिक भरले. कारण जाळताना चुना वगैरे घालावा लागतो. सर असते तर त्यांनी नक्की विचारले असते, "आता ही राख कुठे जाणार?"

आणि तो केवळ गोळा केलेला कचरा होता. नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या २०१०च्या अहवालाने कारखान्याच्या परिसरातील दूषित मातीचा अंदाज अकरा लाख टन असा केला होता. ३३७ टन कोठे आणि अकरा लाख टन कोठे! पाऊस दरवर्षी त्या मातीतून झिरपतो आणि भोवतालच्या वस्त्यांच्या बोअरिंगांना विष पोचवतो. जे पिंपात वेगळे राहिले असते तर चार खोल्यांत मावले असते, ते जमिनीत गेल्यावर सूप तर सोडाच, सरकारलाही आवरत नाही.

आमच्या खळ्यावर ह्याला एक शब्द होता. रास भरून झाली की खळ्याच्या तळाशी माती आणि दाणा एकजीव झालेला थर उरे. त्याला मातेरे म्हणत. सालदाराच्या घरची बाई ते मातेरे पाटीत भरून नदीवर नेई, दिवसभर धूत बसे आणि संध्याकाळी मूठपसा धान्य घेऊन घरी जाई. मालकाच्या लेखी त्याची किंमत शून्य होती. तिच्या लेखी ते दोन वेळचे जेवण होते. आपण 'आयुष्याचे मातेरे झाले' असे सहज बोलतो. शब्दकोशात त्याचा अर्थ नासाडी असा सापडेल. परंतु माझ्या मते त्या शब्दात आणखी एक गोष्ट दडली आहे: मातेरे करणारा एक असतो आणि ते धुणारा दुसराच असतो. ज्याने मिसळले त्याने निवडावे, असे जगात फारसे होत नाही. सराफाच्या धुळीपासून भानपूरच्या डोंगरापर्यंत आणि त्या मातीच्या काठी राहणाऱ्या वस्त्यांपर्यंत हेच दिसते.

म्हणून मुलांनो, सरांच्या वतीने तुम्हांला तीन साध्या गोष्टी सांगतो. वेगळे करायचे असेल तर आधी पदार्थांमधला भेद शोधा. मग रीत आपोआप सुचेल. क्रम आधी लिहा. पाणी ओतण्याची घाई करू नका. आणि शेवटी तोलून पाहा. वजन कमी भरले तर उरलेले कोठे गेले, हे विचारल्याशिवाय वही मिटू नका. मोठ्यांसाठी एकच सांगणे आहे. आज रात्री घरी काही फुटले, तर ते कागदात वेगळे बांधा आणि वर मोठ्या अक्षरांत 'काँच' असे लिहा. ती बाई वाचू शकत नसेल, तर तिची मुलगी वाचील. ती ह्या किंवा अशाच एखाद्या शाळेत असावी, अशी माझी आशा आहे.